इनसाइड पाचशे की आउटसाइड चारशे तीस?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी मूळचा पुण्याचा, गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये, सध्या रेडिंगजवळ राहतो. आयएलआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाल्यावर नोकरी सोडली आणि स्वतःच्या लिमिटेड कंपनीमार्फत साडेतीन वर्षे लंडनमधील एका मोठ्या विमा कंपनीसाठी डेटा मायग्रेशनचे काम केले. दिवसाचा दर 500 पौंड, 'आउटसाइड', म्हणजे करासाठी नोकरदार नव्हे तर स्वतंत्र व्यावसायिक. आता त्यांनी कळवले आहे की एप्रिल 2026 पासून कोणाही कॉन्ट्रॅक्टरला त्याच्या स्वतःच्या कंपनीमार्फत घेतले जाणार नाही. राहायचे असेल तर अंब्रेला कंपनीत (जी कॉन्ट्रॅक्टरला पगारी नोकर म्हणून ठेवून कर कापून पैसे देते) या, दर तोच. दुसरीकडे घरापासून वीस मिनिटांवरची एक सॉफ्टवेअर कंपनी थेट काम देते आहे. माणसे साठ, उलाढाल सुमारे 1 कोटी 20 लाख पौंड, ताळेबंद सुमारे 60 लाख. दर 430, पण 'नव्या मर्यादांमुळे आम्ही आता छोट्या कंपनीत मोडतो, त्यामुळे आम्हाला आयआर-35 (स्वतःच्या कंपनीमार्फत नोकरीसारखे काम करणाऱ्याला नोकरदाराप्रमाणे कर लावणारा नियम) लागू नाही, तुम्ही आउटसाइडच' असे त्यांचे म्हणणे आहे. तेथे मला चार जणांचा गट सांभाळायचा आहे. माझ्या कंपनीत 60,000 पौंड साठलेले आहेत. ती बंद करू का? एक मित्र म्हणतो, भावाच्या पुण्यातील फर्ममधून बिल लाव म्हणजे झंझटच नको. काय करावे?

उत्तर:

आपण दोन प्रस्तावांची तुलना 'इनसाइड' (करासाठी नोकरदारासारखा) आणि 'आउटसाइड' या दोन शब्दांवरून केली आहे, आणि माझ्या मते घोटाळा तेथेच झाला आहे. हे दोन शब्द म्हणजे दुकानात मांडलेले दोन पर्याय नव्हेत की ज्यांतून आपण आवडेल तो उचलावा. काम प्रत्यक्षात कसे होते यावरून दर्जा ठरतो, तो आपल्याला निवडता येत नाही. आपल्याला निवडता येतात त्या गोष्टी दोनच: कोणते काम घ्यायचे, आणि त्याचा दर नेमका कशाकशाचा धरायचा. तेव्हा आधी ही दोन कामे कायद्याच्या दृष्टीने काय आहेत ते पाहू आणि मग पैशांकडे वळू. पैशांचा हिशेब आपल्याला चकित करील, असा माझा अंदाज आहे.

आयआर-35 हे नाव मार्च 1999 मधील एका सरकारी प्रसिद्धिपत्रकाच्या क्रमांकावरून पडले. शुक्रवारी नोकरी सोडून सोमवारी त्याच खुर्चीवर स्वतःच्या कंपनीचा माणूस म्हणून बसणाऱ्यांना आळा घालणे हा त्याचा उद्देश होता, आणि एप्रिल 2000 पासून तो नियम अमलात आला. त्या वेळी स्वतःचा दर्जा कॉन्ट्रॅक्टरनेच ठरवायचा होता, आणि चुकला तर भरपाईही त्यानेच करायची होती. 2017 मध्ये सरकारी संस्थांच्या बाबतीत आणि 6 एप्रिल 2021 पासून खाजगी क्षेत्रातील मध्यम व मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हा निर्णय काम देणाऱ्याकडे गेला. छोट्या खाजगी कंपन्यांपुरती मात्र जुनीच व्यवस्था राहिली. सप्टेंबर 2022 मध्ये एका अर्थमंत्र्याने हे दोन्ही बदल रद्द करण्याची घोषणा केली आणि चोवीस दिवसांत दुसऱ्याने ती मागे घेतली. त्या चोवीस दिवसांच्या भरवशावर नवे करार करून बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यामुळे पुढे काय बदलेल याच्या अंदाजावर कोणताही करार बांधू नये, असे मी सर्वांनाच सांगतो.

आता सॉफ्टवेअर कंपनीचे म्हणणे तपासू. 'छोटी' ठरण्यासाठी तीनपैकी दोन कसोट्या पार कराव्या लागतात. पूर्वी उलाढाल 1 कोटी 2 लाख पौंडांपर्यंत, ताळेबंद 51 लाखांपर्यंत आणि कर्मचारी पन्नासपर्यंत, अशा त्या होत्या. 6 एप्रिल 2025 रोजी वा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी उलाढालीची मर्यादा दीड कोटी आणि ताळेबंदाची 75 लाख झाली, कर्मचाऱ्यांची पन्नासच राहिली. आपण दिलेल्या आकड्यांनुसार ही कंपनी जुन्या तिन्ही कसोट्यांत मोठी ठरते आणि नव्या दोन कसोट्यांत छोटी. म्हणजे त्यांचे म्हणणे निराधार नाही, पण ते वेळेआधीचे आहे. कारण ऑफ-पेरोल नियमांसाठी, म्हणजे काम देणाऱ्याने दर्जा ठरवण्याच्या या नियमांसाठी, कंपनीचा आकार चालू वर्षावरून ठरत नाही. करवर्ष सुरू होण्यापूर्वी ज्या आर्थिक वर्षाचे हिशेब दाखल करण्याची मुदत उलटून गेली आहे, त्या वर्षावरून तो ठरतो. एप्रिल 2025 नंतर सुरू झालेले बारा महिन्यांचे वर्ष एप्रिल 2026 च्या आधी संपतच नाही. त्याचे हिशेब दाखल करायला खाजगी कंपनीला आणखी नऊ महिने मिळतात, म्हणजे आपण 2027 मध्ये पोहोचतो. तेव्हा 2026-27 या करवर्षापुरती तरी ही कंपनी नियमांच्या दृष्टीने मध्यमच आहे, आणि आपला दर्जा ठरवण्याची जबाबदारी तिचीच आहे.

याचा आपल्याला काय उपयोग, असे आपण विचाराल. उपयोग मोठा आहे. मध्यम कंपनीला आपल्या कामाबद्दल कारणांसह लेखी निर्णय द्यावाच लागतो, ज्याला कॉन्ट्रॅक्टर मंडळी एसडीएस म्हणतात, आणि तो देताना वाजवी काळजी घ्यावी लागते. तो दिलाच नाही, तर कर व नॅशनल इन्शुरन्सचे (सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचे) दायित्व तिच्याच गळ्यात राहते. याउलट ती खरोखरच छोटी झाली, की दर्जा चुकीचा धरल्याचा सगळा भार आपल्या लिमिटेड कंपनीवर, म्हणजे अखेर आपल्यावर येतो. 'आम्हाला आयआर-35 लागू नाही' या वाक्याचा खरा अर्थ 'त्याची जोखीम तुमची' एवढाच आहे. छोट्या कंपनीचे काम करणाऱ्याला आयआर-35 पूर्वीही लागू होता आणि आजही आहे. फक्त तो कोणी तपासायचा, हे बदलते. तेव्हा पहिले काम हे करा की त्यांच्याकडे त्यांच्या आकाराबद्दल लेखी खुलासा मागा. अशी मागणी आल्यास 45 दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्याच पत्रात ती एखाद्या मोठ्या समूहाची उपकंपनी आहे का, हेही विचारा, कारण तसे असेल तर संपूर्ण समूहाचा आकार धरला जातो.

आता त्या कामाचा प्रत्यक्ष दर्जा. 1968 च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यापासून न्यायालये तीन गोष्टी पाहत आली आहेत: काम स्वतःच करण्याचे बंधन आहे का, काम कसे, कधी व कोठे करायचे यावर दुसऱ्याचे पुरेसे नियंत्रण आहे का, आणि कराराच्या बाकीच्या अटी नोकरीशी विसंगत आहेत का. काम देण्याघेण्याचे परस्पर बंधनही यातच पाहिले जाते. ते नाही, एवढ्याच मुद्द्यावर सुटू पाहणाऱ्यांसाठी सप्टेंबर 2024 मधील फुटबॉल पंचांच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फारसा सोयीचा नाही, कारण एकेका सामन्यापुरता करारही त्या कसोटीला पुरू शकतो असे न्यायालयाने म्हटले. आपण आपल्या पत्रात सहजपणे लिहिले आहे की तेथे चार जणांचा गट सांभाळायचा आहे. त्यांच्या रजा आपण मंजूर करणार का? रोज सकाळच्या बैठकीला हजर राहणार का? पुढल्या महिन्यात कोणते काम घ्यायचे हे त्यांचा व्यवस्थापक सांगणार का? लॅपटॉप त्यांचाच का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर करारात बदली माणूस पाठवण्याचे कलम कितीही ठळक छापलेले असो, प्रत्यक्षात कधीच वापरले न जाणारे कलम फार काळ टिकत नाही. मला तर हे वर्णन वाचून सरळ नोकरीच दिसते. विमा कंपनीतील आपले काम, जेथे ठरलेल्या टप्प्यांत ठरलेला डेटा हलवायचा आणि बिघडल्यास स्वतःच्या वेळेत दुरुस्त करायचा, ते आउटसाइडच्या कितीतरी जवळ होते. परिस्थितीची गंमत अशी की जे काम खरोखर आउटसाइड वाटते ते अंब्रेलात चालले आहे, आणि जे नोकरीसारखे आहे त्यावर आउटसाइडचे लेबल लागते आहे.

विमा कंपनीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येईल का, हेही आपल्या मनात असणार. त्यांनी आपल्या कामाला इनसाइड ठरवणारा निर्णय दिला असता, तर आपण लेखी हरकत घेऊ शकला असता आणि 45 दिवसांत त्यांना उत्तर द्यावे लागले असते. सगळ्यांना एकाच फटक्यात इनसाइड ठरवणे हे वाजवी काळजीत बसत नाही, असाही मुद्दा मांडता आला असता. परंतु त्यांनी दर्जा ठरवलेलाच नाही. लिमिटेड कंपन्यांशी व्यवहारच करायचा नाही, असे धोरण त्यांनी घेतले आहे, आणि कोणाशी करार करावा हे स्वातंत्र्य त्यांना आहे. तेथे भांडण्यात वेळ घालवू नका. मागच्या साडेतीन वर्षांबद्दल मात्र झोप उडवून घेऊ नका. त्या काळात निर्णय त्यांचा होता, आणि आपण खरी माहिती दिली असेल तर तो चुकल्याचे दायित्व प्रथम त्यांच्या साखळीवर येते. ते जुने एसडीएस कागद जपून ठेवा.

आता पैसे. वर्षाला 220 दिवस, आपले दुसरे उत्पन्न नाही, पेन्शन तूर्त बाजूला, कंपनीचे सर्व शेअर आपल्या नावे आणि हिशेबनीस, विमा वगैरेंचा खर्च 2,600 पौंड असे मी धरतो. दर 2026-27 चे घेतो, कारण 6 एप्रिल 2026 पासून लाभांशावरील कर दोन टक्क्यांनी वाढून मूळ पट्ट्यात 10.75 आणि वरच्या पट्ट्यात 35.75 टक्के होतो.

विमा कंपनीचे 500 पौंड म्हणजे वर्षाला 1,10,000. पण अंब्रेलात ही रक्कम आपला पगार नसते. तिच्यातून आधी अंब्रेलाचे शुल्क, मग मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, जो 5,000 पौंडांवरील पगारावर 15 टक्के आहे, आणि अर्ध्या टक्क्याची अप्रेंटिसशिप लेव्ही (मालकांवरील प्रशिक्षण-कर) जाते. शुल्क वर्षाला 1,200 धरले तर आपला ढोबळ पगार सुमारे 94,800 उरतो. त्यावर आयकर आणि आपल्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स वजा जाता हाती साधारण 65,500 पौंड येतात. हेच 500 पौंड जुन्या पद्धतीने आपल्या लिमिटेड कंपनीत आउटसाइड आले असते, 12,570 पगार आणि बाकी सर्व लाभांश, तर कॉर्पोरेशन कर व लाभांशकर भरून सुमारे 68,700 हाती आले असते. म्हणजे ज्या बदलाने आपले मन इतके सैरभैर झाले आहे, त्याची वर्षाची किंमत तीन हजारांच्या आसपास आहे. कॉर्पोरेशन कर 2023 मध्ये वाढला, करमुक्त लाभांश 5,000 वरून 500 वर आला आणि लाभांशाचे दर पुन्हा पुन्हा चढले, त्यामुळे लिमिटेड कंपनीचा जुना फायदा बराचसा विरून गेला आहे. चहाच्या टेबलावर अजूनही 'इनसाइड गेलास तर चौथा हिस्सा गेला' असे ऐकू येते, ते जुन्या दरांच्या आठवणीवर चालले आहे. ज्याला पैसे कंपनीत साठवून सावकाश काढता येतात, किंवा ज्याची पत्नी खरोखर भागीदार आहे आणि तिचे उत्पन्न कमी आहे, त्याचा फरक यापेक्षा मोठा असतो, हे मान्य. आपल्या पत्रात तसे काही नाही.

आता 430 आउटसाइड. वर्षाचे 94,600, त्यातून त्याच पद्धतीने हाती येतात सुमारे 61,400. म्हणजे 'आउटसाइड' हा गोड शब्द आपल्याला अंब्रेलाच्या 500 पेक्षा चार हजार पौंड कमी देतो, आणि वर एप्रिल 2027 नंतरची जोखीमही. अंब्रेलाच्या 500 शी बरोबरी साधायची तर आउटसाइड दर 470 च्या आसपास हवा.

पण सर्वांत महत्त्वाची आकडेमोड तिसरी आहे, आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. समजा, सॉफ्टवेअर कंपनीने प्रामाणिकपणे विचार करून आपल्याला इनसाइड ठरवले आणि आपल्या लिमिटेड कंपनीमार्फतच पैसे दिले. अशा वेळी मालकाचा नॅशनल इन्शुरन्स पैसे देणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. करारात ठरलेल्या आपल्या फीतून तो कापून घेणे कायद्याला मान्य नाही. मग 430 पौंडांवर आयकर आणि फक्त आपल्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स कापला जातो, आणि हाती उरतात सुमारे 65,400 पौंड, म्हणजे जवळजवळ अंब्रेलाच्या 500 इतकेच. त्यातून हिशेबनिसाचा खर्च जाईल, पण आपल्या रेल्वेच्या तिकिटाचे पैसे वाचतील. आठवड्यातून तीन दिवस रेडिंग ते लंडन प्रवासाला वर्षाला काय लागते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. अंब्रेलात, दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम होत असल्यास, त्या प्रवासखर्चावर करसवलतही मिळत नाही. म्हणून कोणताही दर ऐकला की पहिला प्रश्न हा विचारा: यात मालकाचा नॅशनल इन्शुरन्स धरलेला आहे की तो वरून आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरात दिवसाचे साठ-सत्तर पौंड दडलेले असतात.

तेव्हा माझा सल्ला असा. सॉफ्टवेअर कंपनीला कळवा की नव्या मर्यादा तुमच्यापर्यंत अजून पोहोचलेल्या नाहीत, निर्णय तुम्हाला द्यायचा आहे, आणि एचएमआरसीच्या (ब्रिटिश करखात्याच्या) सेस्ट या दर्जा तपासण्याच्या ऑनलाइन साधनावरील प्रश्नांची उत्तरे आपण एकत्र बसून खरी खरी भरू. उत्तर इनसाइड आले, तर 430 मला मान्य आहेत, मात्र मालकाचा नॅशनल इन्शुरन्स वरून, आणि तसे करारात लिहिलेले हवे. त्यांना ते महाग वाटले, तर सरळ नोकरीचा प्रस्ताव मागायला संकोच करू नका. काम नोकरीचेच आहे, मग रजा, पेन्शन आणि नोटीसही नोकरीची असू द्या. काम खरोखर वेगळ्या प्रकारे, ठरावीक टप्प्यांत आणि गटाची जबाबदारी वगळून करायला ते तयार झाले आणि निर्णय आउटसाइड आला, तर 470 मागा आणि करार मार्च 2027 अखेर संपेल असा करा, म्हणजे जबाबदारी आपल्याकडे सरकण्याच्या सुमारास सगळे नव्याने तपासता येईल. आणि काहीही लेखी द्यायला ते नकार देत असतील, तर विमा कंपनीचे 500 घ्या. पण तेथेही 'दर तोच' हे निमूटपणे ऐकू नका. साडेतीन वर्षांची माहिती असलेला माणूस मायग्रेशनच्या मध्यावर बदलणे त्यांनाही परवडणारे नाही, आणि 525 मागणे अजिबात अवाजवी नाही.

अंब्रेलात गेलातच, तर सही करण्यापूर्वी एजन्सीकडून मुख्य माहितीपत्रक मागून घ्या. ते देणे तिला बंधनकारक आहे, आणि त्यात दरातून काय काय कापले जाणार हे असते. रजेचे पैसे दर आठवड्याला पगारासोबत देणार की साठवून ठेवणार, हे विचारा, कारण साठवलेले पैसे वर्षअखेर न मागितल्यामुळे घालवणारे कमी नाहीत. 85-90 टक्के रक्कम हाती देऊ, असे कोणी म्हणाले तर तेथून उठून या. वर दाखवल्याप्रमाणे आपल्या दरात सरळ मार्गाने साठ टक्क्यांच्या आतबाहेरच रक्कम हाती येते. उरलेली कोठून येते, हे ज्यांनी विचारले नाही, अशा हजारो लोकांवर 2019 मध्ये लोन चार्ज, म्हणजे कर टाळण्यासाठी 'कर्ज' म्हणून दिलेल्या पगारावरील कर, येऊन कोसळला, आणि त्यात आपली मराठी मंडळीही होती. एप्रिल 2026 पासून अंब्रेलाने कर बुडवल्यास एजन्सीलाही जबाबदार धरले जाणार असल्यामुळे एजन्सी आता आपापल्या याद्या गाळून घेत आहेत. ही गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे.

मित्राच्या सूचनेबद्दल दोनच वाक्ये पुरेत. आपण इंग्लंडमध्ये बसून केलेल्या कामावर कर इंग्लंडमध्येच लागतो, बिल कोथरूडमधून गेले काय किंवा क्रॉयडनमधून. या उद्योगात भावाला मात्र दोन देशांच्या करखात्यांची पत्रे येऊ शकतात.

राहता राहिली आपली कंपनी. तिच्यातील 60,000 पौंड बघून ती घाईघाईने बंद करण्याचा मोह होईल, कारण औपचारिक विसर्जनातून बाहेर काढलेल्या रकमेवर, अटी पूर्ण होत असतील तर, 6 एप्रिल 2026 पूर्वी 14 टक्के आणि नंतर 18 टक्के कर आहे. पण कंपनी बंद करून दोन वर्षांच्या आत आपण तशाच धंद्यात परतलात, तर ती सर्व रक्कम लाभांश समजून कर लावला जाऊ शकतो, आणि वरच्या तीन मार्गांपैकी दोन मार्गांत आपल्याला कंपनी लागणारच आहे. म्हणून ती तूर्त राहू द्या. चालू वर्षाचा नफा हातात आहे तोवर कंपनीच्या नावे आपल्या पेन्शनमध्ये रक्कम भरण्याबद्दल आपल्या हिशेबनिसाशी याच आठवड्यात बोला. वर्षाला 60,000 पर्यंतची मर्यादा आहे आणि मागील तीन वर्षांची न वापरलेली मर्यादाही बहुधा उपलब्ध असेल. त्याच भेटीत वरील आकडे त्यांच्याकडून आपल्या नेमक्या परिस्थितीनुसार पुन्हा मांडून घ्या, आणि सॉफ्टवेअर कंपनीला पाठवायचे पत्र त्यांना दाखवूनच पाठवा.